तेलाचा ब्रेक

आमच्यात नवऱ्याचं नाव घेत नाहीत, घेतलंच तर उखाण्यात. पण मी घेते. लोटू. हसू नका. सासूबाईंची आधीची दोन पोरं पाळण्यातच गेली, म्हणून तिसरा झाला तेव्हा त्याला सुपात घालून उकिरड्यावर लोटला, आणि थोरल्या बहिणीनं तिथून उचलून परत घरी आणला. म्हणजे देवाला वाटावं, हे टाकलेलं पोर, हे कशाला न्यायचं. देव फसला आणि लोटू जगला. उचलणारी ती बहीण म्हणजे आमची अक्का, रुक्मिणी. तेव्हा ती स्वतःच परकरातली पोर. पुढं सासूबाईही लवकर गेल्या आणि लोटूला अक्कानंच हातावर वाढवलं. ही गोष्ट लोटूंनी मला लग्नाच्या पहिल्या आठवड्यात ऐकवली, आणि त्यानंतर दर आठवड्याला.

खरं सांगते, माझं आणि अक्काचं कधी जमलं नाही. ती वाईट नाही. पण माझ्या हातचं काहीही खाल्लं की म्हणायची, "बरं शे." नुसतं बरं. आणि लोटू तिच्या घरून आले की महिनाभर अक्काच्या हातच्या सांजोऱ्यांचं कौतुक. मी म्हणायची, मग राहायचं होतं तिथंच, मला कशाला आणलंत सुरतेला?

आम्ही डिंडोलीत राहतो. आमच्या गल्लीत निम्मी घरं साक्री, नंदुरबार, शिंदखेड्याकडची. लोटू पांडेसऱ्यात कापड रंगवायच्या कारखान्यात होते. नखांत कायम रंग. रविवारी चोळून चोळून हात धुतले तरी सोमवारच्या भाकरीला हिरवं-जांभळं बोट लागायचंच. कामावर जायचे ते सायकलनं. पुढं मालकानं कारखाना पलसाण्याला हलवला, हायवेला. बाकीचे लोक कंपनीच्या बसनं जायला लागले. हे सायकलनंच! ट्रक अंगावरून जातात, धूळ, उन्हाळा, काही नाही. म्हणे बसमध्ये झोप येते. आठवड्याला तिला पुसायचे, चेन साफ करायचे, ब्रेकच्या कांड्या तपासायचे. मी म्हणायची, तुमची सोयरीक हिच्याशीच जमवायला हवी होती, हुंडासुद्धा लागला नसता.

रिटायर झाल्यावर माणूस एकदम बसला. जेवायचं, गॅलरीत उभं राहायचं, परत जेवायचं. आमचा चेतन कापड मार्केटमध्ये पार्सलचं काम बघतो. त्याला बापाचं हे बसणं बघवेना. वेसूकडचा कुणी एक पोरगा परदेशात चालला होता, त्याची लांबच्या प्रवासाची सायकल चेतननं उचलून आणली. जाड टायर, मागं-पुढं सामान बांधायला कॅरियर, आणि दोन्ही चाकांना मधोमध एकेक ताटलीसारखी चकचकीत डिस्क.

लोटूंनी तिच्याभोवती तीन फेऱ्या मारल्या आणि ब्रेकपाशी उकिडवे बसले. "याला कांडी नाही, तार नाही. थांबते कशी?"

"पप्पा, हायड्रॉलिक आहे. नळीत तेल असतं."

"तार तुटली तर रस्त्यात गाठ मारता येते. नळी फुटली तर काय मारायचं? कपाळ?"

चेतन म्हणाला, ते सायकलवाल्यालाच विचारू. म्हणून तिघं उधन्याला महेशच्या दुकानात गेलो. महेश आपलाच, त्याचे आईबाप धुळ्याकडचे, पण जन्म इथला; बोलताना निम्मं गुजराती येतं. त्यानं चाक उलटं करून दाखवलं. लिव्हर दाबली की नळीतलं तेल पुढं ढकललं जातं, आणि दोन छोटे पॅड दोन्ही बाजूंनी डिस्कला पकडतात. तेल बंद नळीत, त्यामुळं पाऊस, चिखल, गंज यांचा त्रास नाही, हाताला जोर लागत नाही, सामान लादलं तरी उतारावर धरून ठेवतो. "काका, टेन्शन नका घेऊ. वर्षाला एकदा दाखवून जा, बस. एक वात, एक गोष्ट याद राखा. आत तेल, पण बाहेर तेल बिलकूल नाही. डिस्कला नि पॅडला तेलाचं बोट लागलं तर ब्रेक गेला समजा. पॅड तेल पिऊन टाकतो, मग कितीबी दाबा, पकडत नाही."

मी म्हटलं, "हे बरं आहे! तेलावर चालतो आणि तेल चालत नाही. आमच्या घरातल्या माणसांसारखाच."

लोटूंनी त्या ब्रेकची वर्षभर परीक्षा घेतली. सुरतेत चढ-उतार कुठले, उड्डाणपूल तेवढे. पहाटे उठून मागं बटाट्याची पोती बांधायची, पुलावर चढायचं आणि सरळ सोडायची. खाली येऊन ब्रेक दाबायचा. उन्हात, पावसात, साचलेल्या पाण्यातून काढून. पुलाखालचा चहावाला मला एकदा म्हणाला, भाभी, काका बटाटे विकतात की फिरवायला नेतात? वर्षभरात त्या ब्रेकनं एकदासुद्धा दगा दिला नाही. एक दिवस घरी येऊन म्हणाले, "सुंदरा, हा ब्रेक कांडीपेक्षा चांगला. बोट लावलं की ऐकतो." मी कधी त्यांच्या तोंडून कशाचं असं कौतुक ऐकलं नव्हतं, सांजोऱ्या सोडून.

मग त्यांनी जाहीर केलं, भाऊबीजेला अक्काकडं सायकलवर जाणार.

अक्काचं गाव दहिवेलच्या पलीकडं. म्हणजे बारडोली, व्यारा, सोनगड, नवापूर, आणि मग कोंडाईबारीचा घाट चढून वर. चेतन चिडला, मी चिडले, गल्लीतल्या बायकांनी वेड्यात काढलं. पण ह्यांचं एकच, "अक्कानं मला उकिरड्यावरून कडेवर नेलं. मी तिच्याकडं स्वतःच्या पायानं जाईन." आता यावर काय बोलणार? मी दशम्या बांधून दिल्या. वाटेत सोनगडला मुक्काम केला आणि दुसऱ्या दिवशी पोचले. रात्री फोन आला. असा आवाज मी लग्नातही ऐकला नव्हता. "घाट चढून आलो गं, एकदाही उतरलो नाही. सगळं गाव बघायला आलं. अक्कानं सायकललाही ओवाळलं! मी तिला सगळं समजावलं, बघ अक्का, हा ब्रेक तेलावर चालतो." मागून अक्काचा आवाज येत होता, जेव रे आधी, जेव.

तिसऱ्या दिवशी ते परत निघाले आणि कोंडाईबारीच्या उतारावर पडले.

उतार लागला, पुढं एक टँकर सावकाश चालला होता. ह्यांनी ब्रेक दाबला. लिव्हर घट्ट, नळी शाबूत, पण सायकल काही थांबेना. मागचा दाबला, तेच. वळणावर समोरून गाडी येत होती, म्हणून डोंगराच्या बाजूच्या चारीत सायकल घातली. खांद्याचं हाड मोडलं, मांडीचं मोडलं. मागून येणाऱ्या ट्रकवाल्यानं उचलून नवापूरला पोचवलं, तिथून चेतननं गाडी करून सायकलसकट सुरतेला आणलं. मी दवाखान्याच्या दारात त्यांना बघितलं आणि माझ्या तोंडून पहिलं काय निघालं असेल? "मी सांगितलं होतं ना?" जळो माझी जीभ.

अक्का दुसऱ्याच दिवशी नातवाबरोबर आली. एवढीशी म्हातारी, पदर तोंडात घालून खाटेपाशी उभी. विचारलं, कसं झालं रे? लोटू म्हणाले, "ब्रेकच निकामी निघाला, अक्का." अक्कानं त्यांचा चांगला हात ओढून स्वतःच्या डोक्यावर ठेवला. "लोटू, मन्ही आण शे तुले. परत सायकलवर बठू नको." ते हात मागं घ्यायला लागले. तिनं हात सोडला नाही. शेवटी ह्यांनी मान डोलावली तेव्हा सोडला. मला त्या वेळी फार बरं वाटलं. म्हटलं, चला, जन्मात एकदा तरी अक्का माझ्या मनासारखं बोलली.

चेतन इकडं महेशच्या दुकानात जाऊन भांडून आला. चार गिऱ्हाइकांसमोर त्याला नको नको ते बोलला, आणि मोडकी सायकल तिथंच टाकून आला. गल्लीत तर जो तो जाणकार झाला. हायड्रॉलिक म्हणजे धोका, नळीत हवा शिरली असणार, जुनं ते सोनं. ज्यानं आयुष्यात सायकलची चेन बसवली नाही तोसुद्धा घरी येऊन ब्रेकवर भाषण देऊन चहा पिऊन जायचा. लोटू ऐकून घ्यायचे. मला नवल वाटायचं. वर्षभर ज्या ब्रेकची आरती केली त्याला लोक शिव्या देतात आणि हा माणूस हूं नाही की चूं नाही.

ते कुबडीवर चालायला लागले तेव्हा महेशचा फोन आला, काका, एकदा येऊन जा, प्लीज. चेतनला न सांगता रिक्षानं गेलो. एकट्याला मी सोडणार नव्हते. महेशनं सायकल स्टँडवर टांगली होती. लिव्हर दाबून दाखवली, दगडासारखी घट्ट. "बघा काका, तेल पूरं आहे, हवा नाही, कुठं गळत नाही. ब्रेकमध्ये काहीच खराबी नाही." मग त्यानं कागदाच्या पुडीतून चार पॅड काढले. काळे, चिकट. "हे बघा. चारही तेल पिऊन बसलेत. आणि हे आतलं तेल नाही. कुणीतरी बाहेरून टाकलंय."

मी एक पॅड उचलून नाकाशी धरला. आयुष्य चुलीपुढं गेलं माझं, मला कोण फसवणार? गोडं तेल होतं. तळणाचं. आणि त्याला ओव्याचा वास होता.

दिवाळीच्या तळणात एवढा ओवा एकच बाई घालते.

मी वळून बघितलं. लोटू स्टुलावर बसून जमिनीकडं बघत होते. महेशला म्हणाले, "तुझी काही चूक नाही, पोरा. चेतनच्या वतीनं मी हात जोडतो. पण हे कुणाला सांगू नको." तो पोरगा भला, त्यानं मान डोलावली.

रिक्षात मी तोंड उघडलं ते घरापर्यंत मिटलं नाही. "तुम्हाला ठाऊक होतं!"

"चारीत पडलो तेव्हाच. तोंडाजवळ चाक होतं, वास आला."

मग हळूहळू सगळं सांगितलं. अक्काच्या सासरी पूर्वी बैलगाडी होती. माहेरचं माणूस परत निघालं की त्या घरची रीत अशी, की त्याच्या गाडीच्या चाकांना घरच्या बाईनं वंगण घालायचं. म्हणजे वाटेत चाक कुरकुरू नये, पाहुणा सुखानं पोचावा. बैल गेले, गाडी गेली, पाहुणे एसटीनं यायला लागले आणि एसटीला कोण वंगण घालू देणार? कितीतरी वर्षांनी अक्काच्या दारात माहेरची गाडी उभी राहिली. ती पहाटे उठली असेल, आणि भावानं आदल्या दिवशीच सांगितलेलं, ब्रेक तेलावर चालतो. हे मागं अंघोळ करत होते. तिनं चाकाच्या मध्ये चकाकतं ते बघितलं आणि तेल घातलं.

"मीच सांगितलं गं तिला," लोटू म्हणाले. "अर्धंच सांगितलं. महेश जे म्हणाला होता ते पूर्ण सांगायला हवं होतं. फुशारकीत राहून गेलं."

"मग आता सांगा! फोन लावा! म्हणावं, ब्रेक चांगला होता, तुझं तेल नडलं. तिची आण तिनंच सोडवावी."

"नाही."

"अहो, डॉक्टर म्हणतात हाड जुळलं की सायकल चालवा, पायाला चांगलं. तुम्ही जन्मभर काय केलं दुसरं? नुसते खिडकीत बसून मरणार का?"

"तिला कळलं तर ती जेवणार नाही, सुंदरा. आणि तुलाही सांगणार नव्हतो, कारण तुला इतकी वर्षं हेच पाहिजे होतं."

हे मला लागलं. लागायचं कारण, खोटं नव्हतं. नणंदेला ऐकवायला इतकं खणखणीत काही माझ्या हाताला कधी आलं नव्हतं, आणि रिक्षात पॅडचा वास नाकात असताना मी मनातल्या मनात वाक्यंसुद्धा जुळवली होती.

पौष गेला, माघ गेला. कुबडी सुटली. महेशनं सायकल नीट करून नवे पॅड बसवून घरी पाठवली, पैसे घेतले नाहीत. चेतन म्हणाला, भंगारात देऊ. मी म्हटलं, हात लावून बघ. गॅलरीत उभी केली आणि वर माझी जुनी साडी टाकली. लोटू दिवसभर तिच्याशेजारी खुर्ची टाकून बसायचे, हायवेच्या दिशेनं तोंड करून. कुणी सायकलवाला घंटी वाजवत गेला की मान वळायची. पहाटे जुन्या वेळेला जाग यायची, उठून बसायचे, मग कुठं जायचं नाही हे आठवून परत आडवे व्हायचे. माणूस रडला असता तर मला सोपं गेलं असतं. मी किती वेळा म्हटलं, माणसाची आण असते, देवाची नाही, बसा सायकलवर, अक्काला काय कळतंय तिकडं गावात बसून? तर म्हणायचे, तिनं हात डोक्यावर ठेवून घेतला होता.

आखाजी आली, म्हणजे अक्षय तृतीया. आमच्या खानदेशात आखाजीला लेकीनं माहेरी जायचं असतं, म्हातारी झाली तरी. माझं माहेर अक्काच्या गावापासून हाकेवर. पिशवी भरताना मी स्पष्ट सांगितलं, "या वेळी मी अक्काला सगळं सांगून येणार. भांडणार नाही. नीट सांगेन. आण सोडवून आणते."

"नको," लोटू म्हणाले. जिना उतरेपर्यंत आणखी दोनदा म्हणाले. मी रिक्षात बसल्यावर मात्र नको म्हणाले नाहीत. पिशवी तेवढी माझ्या पायाशी सरकवली.

माहेरी झोका बांधला होता, गौराई बसली होती. माझं कशात लक्ष नव्हतं. दुसऱ्या दिवशी अक्काकडं गेले. ती ओसरीवर सांजोऱ्या लाटत होती. पाठ पार वाकलेली. मला बघून उठायला गेली, मी म्हटलं बसा अक्का. पाणी प्याले, चहा प्याले. लोटूची चौकशी झाली. पाय कसा, खांदा कसा, झोप लागते का. मी घसा साफ केला. वाक्य तयार होतं. अक्का, रागवू नका, पण त्या दिवशी तुम्ही चाकाला जे तेल...

तेवढ्यात अक्काच म्हणाली, "सुंदरा, तुले एक इचारू?"

लाटणं थांबवून ती माझ्या तोंडाकडं बघायला लागली. मग तिनं सांगितलं, कुणालाच न बोललेलं. त्या दिवशी पहाटे तिनं लोटूच्या चाकांना तेल घातलं होतं. ब्रेक तेलाचा आहे हे माहीत होतं म्हणून मुद्दाम तिथंच घातलं. पण दिवाळीचं तेल वाटीभरच उरलं होतं. नातीला पापड हवे होते, म्हणून अर्धी वाटी तिनं मागं ठेवली. अर्ध्या वाटीत दोन चाकं केली. "मन्हा हात आखडना वो माय. पापडसाठे. भाऊ घाट उतरनार, आणि मी तेल राखी ठेवं." तिच्या हनुवटीवरून पाणी ओघळत होतं, पुसायचंही भान नव्हतं. "तेल कमी पडनं व्हई का वो? वाटीभर टाकतू तर ब्रेक लागता का?"

इतक्या वर्षांत ती बाई माझ्यापुढं कधी रडली नव्हती. सहा महिने ही म्हातारी अर्ध्या वाटी तेलाचा हिशोब उरावर घेऊन बसली होती, आणि तोही उलटा.  माझं वाक्य अजून तयारच होतं. ते सांगितलं असतं तर लोटूंची सायकल आणेतून सुटली असती, हे मला त्या क्षणीही पक्कं ठाऊक होतं.

"नही अक्का," मी म्हटलं. "तेल भरपूर व्हतं. ब्रेकच खोटा निघना."

"खरं सांगस?"

"खरं. दुकानवालाच म्हणाला."

मग मी लाटणं तिच्या हातून घेतलं आणि उरलेल्या सांजोऱ्या लाटल्या. तिनं तळल्या. पहिली माझ्या हातावर ठेवली आणि विचारलं, कशी झाली? मी म्हटलं, फार छान. 

सुरतेला उतरले तेव्हा ऊन कलायला लागलं होतं. जिना चढून आत आले. गॅलरीत साडी काढून घडी करून कठड्यावर ठेवलेली. सायकल पुसून लख्ख. खाली पंप पडलेला, आणि दोन्ही टायर टम्म. लोटू शेजारी उभे. अंगात बाहेर जायचा शर्ट.

"अक्का कशी आहे?"

"बरी आहे."

ते माझ्या तोंडाकडं बघत होते. मी पिशवीतला डबा काढून पुढं केला. "सांजोऱ्या दिल्यात तुमच्यासाठी. खा." त्यांनी डबा घेतला. मला वाटलं होतं रागावतील, किंवा म्हणतील बरं केलंस. त्यातलं काहीच नाही. कठड्याला टेकून एक सांजोरी पूर्ण खाल्ली, सावकाश.  मी सांगायला हवं होतं, मी सांगायला नको होतं, दोन्ही एकदम वाटत होतं आणि आजही वाटतं.

मग ते मोरीत गेले. सांजोरीचं तेल बोटांना लागलं होतं, ते साबण लावून दोनदा धुतलं, टॉवेलनं कोरडं केलं. आणि त्या कोरड्या हातांनी, डिस्कला बोट लागू न देता, सायकलवर साडी परत पांघरली.